रोटालावाले दाजी

मलकापुरात आमच्या दाजींना दुखवायचं असेल तर त्यांच्या काचेच्या टाकीपुढं उभं राहून "शेवाळ झक्कास वाढलंय" एवढंच म्हणावं. चहा मिळतो, पण बिनसाखरेचा.

दाजींच्या जातकुळीचा एकेक इसम हल्ली शाहूवाडी तालुक्यातल्या आडगावातही भेटतो. सुरुवात माशांनी होते. मग मासे मागं पडतात आणि टाकीत नुसती झाडं उरतात. दाजींकडं आता चार मासे आहेत, तेही शेवाळ खायला. म्हणजे कामावर ठेवलेले.

टाकीत रोटाला या पाणवनस्पतीच्या तीन जुड्या. आपल्या डोळ्यांना तिन्ही कोथिंबिरीच्या काड्यांसारख्या. दाजी मोबाइलची बॅटरी मारून ओळख करून देतात: ही 'ग्रीन', ही 'ऑरेंज ज्यूस', ही व्हिएतनामची 'ह्रा'. "पाव्हणं, शेंडा बघा." बघितला, गुलाबी होता. "गुलाबी न्हवं, नारंगीकडं झुकलाय." दिवा बदलला की झुकाव जातो, पण मेहुण्यानं किती बोलावं? तिन्ही शेवटी रोटाला रोटंडिफोलियाच. भाव तेवढे तीन.

दाजींचा खरा दरारा रोटालाच्याच दुसऱ्या जातीवर, 'इंडिका'वर. मत्स्यालयाच्या धंद्यात कैक वर्षं रोटंडिफोलियाच 'इंडिका' म्हणून खपली. कुणी हौसेनं आपली इंडिका दाखवायला आणली, की दाजी शांतपणे विचारतात, "फूल कुठं आलं?" पाण्याखाली फूल कुठलं यायला! तिथं पानंसुद्धा निमुळती. तीच काडी पाण्याबाहेर वाढली की पान गोल. म्हणजे काडी उपसा, कुंडीत लावा, ओली ठेवा आणि वाट बघा. शेंड्याला तुरा आला तर रोटंडिफोलिया. पानाच्या बेचक्यात एकेकटं, टाचणीच्या डोक्याएवढं फूल आलं तर इंडिका. फूल येईतो दाजी कुणाला झाडाचं नाव ठेवू देत नाहीत. माणसांना नावं ठेवायला मात्र त्यांना फूल लागत नाही.

झाडांना कार्बन डायऑक्साइड हवा. सिलिंडर परवडेना, म्हणून दाजींनी बाटलीत गुळाचं पाणी आणि यीस्ट घालून नळी टाकीत सोडली. गूळ कोल्हापुरी, त्यामुळं वासही खानदानी. पावसाळ्यात बंद घरातून तो गल्लीभर गेला आणि शेजारचे मामा तिन्हीसांजेला हळूच विचारून गेले, "पयल्या धारंची हाय काय?" तेव्हापासून ताईनं गुळाचा डबा कुलपात ठेवलाय.

गणपती उरकल्यावर पुण्याहून कुरिअर आलं. ओल्या कागदात गुंडाळलेल्या आठ काड्या, वर चिठ्ठी: 'इंडिका, अस्सल'. दाजी ते घेऊन तसेच खाचरावर गेले, कारण आप्पांचं भांगलणीला माणूस कमी पडलं होतं. आप्पा म्हणजे दाजींचे वडील. भातासारखं दिसणारं गवत ते पाठ न उचलता, भिंगाबिंगाविना भातातून वेचून काढतात. त्यांना ते ओळखणं वगैरे वाटत नाही. बांधावर तणाचा ढीग पडला होता. दाजींनी खिशातून भिंग काढलं, ढिगातली एक काडी उचलली आणि जागच्या जागी थबकले. गोल पानं. बेचक्यात एकेक फूल. भातातलं हे नेहमीचंच तण, पण कुरिअरची पिशवी हातात असताना ते मान्य करणं जड जातं.

"आप्पा, ही टाकू नगा! इंडिका हाय ही!"

आप्पांनी मान वर केली नाही. "इंडिका असूदे न्हाईतर टाटा सुमो, भातात नगं."