राक्षस जमवण्याचा शास्त्रोक्त विधी

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या मराठी आजोबांचे पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग नातवंडं शाळेत, मुलगा-सून ऑफिसात, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि दुपार काही केल्या सरत नाही. अशातच एखाद्या शनिवारी शेजारचा सत्तरीतला गृहस्थ त्यांना आपल्या तळघरात नेतो, दिवा लावतो, आणि समोर काचेच्या कपाटात ड्रॅक्युला, ममी, लांडगामानव, नोत्र दामचा कुबडा ओळीने उभे! सगळे प्लास्टिकचे. गृहस्थाचे डोळे पाणावलेले. इथून पुढे आजोबांनी कसं वागावं आणि छंद जडलाच तर तो रीतसर कसा जडवून घ्यावा, याविषयी मराठीत काहीच उपलब्ध नसल्याने हे मार्गदर्शन.

प्रथम कुलवृत्तांत पाठ करावा. मूळपुरुष दोन: ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन, दोघेही युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९३१ सालच्या चित्रपटांतले. पुढे त्यांना उतरती कळा लागली. ऑक्टोबर १९५७मध्ये असे ५२ जुने चित्रपट ‘शॉक थिएटर’ या नावाने टीव्ही केंद्रांना विकले गेले, आणि ज्यांना पाहून आईबाप घाबरले होते ते राक्षस पोरांच्या दिवाणखान्यात आले. पोरं घाबरली नाहीत, प्रेमात पडली. १९५८मध्ये ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक निघालं. त्यात टपालाने मुखवटे आणि नाना वस्तू मागवायच्या जाहिराती असत. आणि १९६१मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ऑरोरा कंपनीने फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं किट बाजारात आणलं. किंमत ९८ सेंट. सुटे भाग डिंकाने चिकटवायचे, रंग द्यायचा, की हात पुढे पसरून थडग्यावरून चालत येणारा राक्षस तयार. मागोमाग बाकीचं गणगोत आलं. एवढं सांगता आलं की शेजारी तुम्हाला कॉफी देईल.

आता मुख्य नियम. न उघडलेलं किट उत्तम, उघडलेलं पण न जोडलेलं मध्यम, जोडून रंगवलेलं कनिष्ठ. मुलाने मन लावून, जीभ बाहेर काढून, बोटाला डिंक लावून घेत रंगवलं असेल, तर ते सहसा कनिष्ठातही खालचं. म्हणजे बालपणाच्या आठवणीसाठी जी वस्तू घ्यायची तिला बालपणाचा हात लागलेला चालत नाही. १९६२च्या नाताळात ड्रॅक्युलाचं किट हातात पडूनही ज्याने ते उघडलं नाही, असा एखादा मुलगा कुठेतरी होताच. त्याशिवाय बंद खोका आज बाजारात येता ना. तो कोण होता आणि त्याला नेमकं काय झालं होतं, याच्या खोलात शिरू नका. गुपचूप पैसे द्या.

खोक्याला आतल्या मालाइतकाच मान द्यावा. त्यावरची बहुतेक चित्रं जेम्स बामा या चित्रकाराने काढलेली आहेत आणि खरं सांगायचं तर आतल्या प्लास्टिकपेक्षा ती कितीतरी सरस आहेत. ड्रॅक्युलाला ऊन सोसत नाही हे आपण जाणतोच. त्याच्या खोक्यालाही सोसत नाही, रंग उडतो. कपाट खिडकीपासून लांब असावं. नातवंडांपासूनही.

या संप्रदायाची खरी अधिष्ठात्री देवता म्हणजे आई. मुलगा कॉलेजला गेला की तिने माळा साफ केला आणि राक्षसांना केराची टोपली दाखवली. त्याआधी मुलानेही काही कमी केलं नव्हतं. कंटाळा आल्यावर त्याने कित्येकांना फटाके लावून उडवलं होतं. उरलेल्यांना भाव आला तो यामुळेच. सगळ्या आयांनी सगळं जपून ठेवलं असतं, तर आज घरोघरी फ्रँकेन्स्टाइन असता आणि कुणी फुकट नेला नसता. पण प्रत्येक संग्राहक आईच्या नावाने बोटं मोडतो. तुम्ही मान डोलवा आणि आपण कॉलेजात असताना आपला गोट्यांचा डबा कुठे गेला ते सांगा. संभाषण छान रंगतं.

दुर्मिळ काय, हे ओळखण्याची खूण सोपी आहे: तेव्हा कुणाला नको होतं ते. ऑरोराने १९६४मध्ये एक अवाढव्य फ्रँकेन्स्टाइन काढला. किंमत ४ डॉलर ९८ सेंट. एवढे पैसे कोणता बाप देणार? फारसा खपला नाही. आज त्याचं नाव काढलं की शेजाऱ्याचा आवाज बदलतो. त्याच वर्षीचा गिलोटिनही लक्षात ठेवा. पातं सोडलं की कैद्याचं मुंडकं खरोखर सुटून पडायचं. मुलांच्या मनावर काय परिणाम होईल, हा प्रश्न तेव्हा फार जणांना पडला नसावा. तो १९७१मध्ये पडला. ऑरोराने यातनागृह, पिंजरा आणि बळी जाणारी तरुणी असलेले संच काढले, आणि नेमकी त्याच वर्षी ऑरोरा विकत घेतली ओरिओ बिस्किटं करणाऱ्या नॅबिस्कोने. निदर्शनं झाली, बिस्किटवाले हादरले आणि संच बंद पडले. अर्थात आता त्यांनाही मागणी आहे.

पटावरचे खेळ घेताना झाकण उघडून तुकडे तपासा. १९६५चा ‘ग्रीन घोस्ट’ अंधारात खेळायचा असे. पट हिरवा चमकायचा आणि हाडं, साप, पिसं भरलेल्या खाचांत हात घालून चाचपडावं लागायचं. पिसं आता हमखास नसतात. विक्रेता म्हणेल, पिसं काय, कोंबडीचीही चालतील. ऐकू नका.

जाता जाता न्यायालयाचं. ड्रॅक्युला साकारणारा बेला लुगोसी १९५६मध्ये वारला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. त्याच्या चेहऱ्यावर धंदा होतोय हे पाहून वारसांनी दावा ठोकला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९मध्ये निकाल दिला: चेहऱ्यावरचा हक्क माणसाबरोबर संपतो. ड्रॅक्युला मेल्यावरही उठतो, हक्क मात्र तेव्हा उठला नाही.

मराठी माणसासाठी खास सूचना. १९९०पासून निघालेल्या ‘मॉन्स्टर इन माय पॉकेट’ या बोटभर रबरी बाहुल्यांत चक्क कालीमाता होती, पुढे गणपतीही आला. हिंदूंनी आक्षेप घेतला, तो रास्तच होता. जुन्या बाजारात हा गणपती दिसला तर मुकाट्याने घेऊन टाका. विक्रेत्याला ‘अहो, हे आमचे विघ्नहर्ते’ असं व्याख्यान देऊ नका, भाव वाढतो. घरी आणल्यावर तो देव्हाऱ्यात ठेवायचा की ममीशेजारी, हे आजींना विचारून ठरवावं. आणि आपल्या मुंजाचं, हडळीचं, पिंपळावरच्या ब्रह्मराक्षसाचं किट ९८ पैशांतही कुणी का काढलं नाही, ही हळहळ मनातच ठेवावी. शेजाऱ्याला ती कळायची नाही.

एवढं सगळं पेन्शनीत बसत नसेल तर एक स्वस्त वाट आहे. १९७१पासून जनरल मिल्स ‘काउंट चोक्युला’ आणि ‘फ्रँकन बेरी’ ही राक्षसछाप न्याहारी विकते. फ्रँकन बेरीतल्या तेव्हाच्या लाल रंगाने मुलांचं शौच गुलाबी होई. एका मुलाला रक्तस्राव समजून इस्पितळात ठेवलं, आणि १९७२मध्ये त्यावर ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात लेखही छापून आला. तो रंग आता बदलला आहे. २०१०पासून ही न्याहारी फक्त हॅलोविनच्या हंगामात मिळते, तेव्हा तिकीट सप्टेंबर-ऑक्टोबर धरून काढा. खोका खालच्या बाजूने उघडा, आतली पिशवी नातवंडांना द्या, आणि खोका सामानात कपड्यांच्या मध्ये उभा ठेवा.