चाकोरी सोडू नये, ब्रेक सोडावा

सायक्लोक्रॉस म्हणजे चिखलात सायकल पळवण्याची शर्यत. बेल्जियममध्ये लोक थंडीत तिकीट काढून ती बघायला उभे राहतात. भुसावळहून यावल-रावेरकडे गेलं की जुलैत तेच दृश्य फुकट दिसतं. फरक इतकाच, की इथल्या सायकलस्वाराच्या कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या लटकलेल्या असतात आणि आपण शर्यतीत आहोत हे त्याला माहीत नसतं. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1950 साली पॅरिसला झाली. आपल्याकडून कोणी गेलं नाही. दूध कोण पोचवणार?

तर नवशिक्यांनो, आधी सायकल. शर्यतीच्या नियमाप्रमाणे टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आजोबांची सळईच्या ब्रेकची काळी सायकल साधारण 38 ची, म्हणजे ती शिट्टी वाजण्याआधीच बाद. नवी घेतली असेल तर मडगार्ड काढून माळ्यावर टाका. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायर-मडगार्डच्या फटीत ठाण मांडते. मग चाक थांबतं, तुम्ही मात्र पुढे जात राहता. मडगार्ड काढायचा नसेल तर किटलीवाल्यासारखी एक काडी जवळ ठेवा. दर शंभर पावलांवर उतरायचं, गारा खरवडायचा, पुन्हा बसायचं.

हवा भरणारा पोरगा टायर दगडासारखा टणक करून देतो. त्याला मध्येच थांबवा. टायर अंगठ्यानं जरा दबला पाहिजे. पट्टीचे खेळाडू 25-30 पीएसआयवर चिखल कापतात, कारण मऊ टायर जमिनीवर पसरतो आणि धरून राहतो. पोरगा म्हणेल, ‘‘पंक्चर होईल भो.’’ त्याचं चूक नाही. दगडावर आदळलात तर ट्यूब रिमखाली चेपते आणि पुढचं गिऱ्हाईक तुम्हीच असता.

आता वळण. सरावासाठी केळीच्या मळ्यातून डांबरी रस्त्यावर निघणारं कुठलंही वळण घ्या. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला गारा तिथं डांबरावर सारवलेला असतो, त्यात कापणीनंतर बांधावर फेकलेले केळीचे खांब. पहिल्या सरीनंतर तासाभरात जा. धो-धो पावसात वरचा थर वाहून तरी जातो, रिमझिमीत नुसतं लोणी होतं.

ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दाबायचा आणि वळणात शिरताना सोडून द्यायचा. आत गेल्यावर ब्रेक आठवणं म्हणजे अंतरपाट दूर झाल्यावर पत्रिका मागणं. टायरच्या पकडीची एकच भाकरी असते. अर्धी थांबण्याला दिली तर वळण्याला अर्धीच उरते, आणि पुढच्या चाकाची भूक मोठी. ते घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. मागचं घसरलं तर निदान विचार करता येतो.

डावीकडे वळताना उजवं पायडल खाली, आणि सगळा भार त्याच्यावर. डावा पाय मोकळा, टेकायला तयार. अंग फार कलवू नका. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. खड्डा चुकवायचाय म्हणून बघत होतो, हे कारण खड्ड्याला समजत नाही.

आणि चाकोरी. बैलगाडीची असो की ट्रॅक्टरची, ती वळणाआधीच निवडायची. एकदा आत शिरलात की हात सैल, वजन जरा मागे, आणि सायकलीला तिच्या मनानं जाऊ द्यायचं. चाकोरीबाहेर पडा असं व्याख्यानांतून सांगणाऱ्यांनी जुलैत एकदा त्या चाकोरीतून सायकल बाहेर काढून दाखवावी. प्रवेश विनामूल्य ठेवू.

रेल्वेच्या गावात आणखी एक धडा लागतो, तो बेल्जियमवाल्यांना ठाऊक नसावा. फाटकातले रूळ काटकोनातच ओलांडायचे. तिरपे गेलात तर चाक रुळाशेजारच्या खाचेत अडकतं, आणि ओला रूळ तर साबणच. फाटक बंद असताना खालून सायकल सरकवणं हा अडथळ्याचा सराव नव्हे, गुन्हा आहे.

जिथं चालवणं जमत नाही तिथं उतरून सायकलीला खांदा द्यायचा. शब्द अशुभ आहे, पण युरोपातले जगज्जेतेही तेच करतात आणि लोक टाळ्या वाजवतात. आपल्याकडे लोक विचारतात, ‘‘बिघडली का?’’ आजोबांची सायकल वीसेक किलोची. तिला खांदा देण्यापूर्वी तुमची पाठ काय म्हणते ते ऐका.

एवढं करूनही पडणार. पडताना हात पुढे रोवू नका, मनगट नाही तर हासळीचं हाड जातं. हँडल धरून, अंग गोळा करून, डांबर सोडून मळ्याच्या बाजूला पडा. माती खाण्याचा वाक्प्रचार इथं शब्दशः लागू होतो. केळीच्या चिकाचा डाग मात्र कपड्यावरून निघत नाही, त्यामुळे घरी खोटं बोलून उपयोग नाही.

पाऊस सरला की सराव थांबवू नका. मे महिन्यात गारा नसला तरी फुफाटा असतो, तोही तितकाच सरकतो. फक्त सकाळी आठच्या आत उरका, नंतर हँडलला हात लावता येत नाही.

शर्यतीत गाऱ्यानं जड झालेली सायकल मध्येच बदलता येते. खेळाडू दुसरी घेतो, मदतनीस पहिली पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन ठेवतो. आपल्याकडे दुसरी सायकल धाकट्या भावाची असते, आणि ती मागण्याआधी गेल्या वेळी तिचा मागचा ब्रेक कोणी तोडला ते सांगावं लागतं.