साहेबांमागची पांढरी चौकट : जतन आणि संवर्धन

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर रंगीबेरंगी ढगांतून साहेब प्रकटतात आणि त्यांच्या पाठीशी पासपोर्ट फोटोचा पांढरा चौकोन खंबीरपणे उभा असतो. बघणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो. तसं नाही. ही चौकट उमटायला कार्यकर्ता, डीटीपीवाला आणि प्रेस यांची एकजूट लागते. होतकरूंसाठी तिची रीतसर कृती इथे देत आहोत.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करावी. साहेबांचा नीट कापलेला पीएनजी कुणीतरी रात्र जागून तयार केलेला असतो. कार्यकर्त्याने तो फोटो म्हणून पाठवावा. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याचा मोह टाळावा. डॉक्युमेंट जसंच्या तसं पोचतं, फोटोचा मात्र वाटेत जेपेग होतो. 1992 साली प्रमाणित झालेल्या या जेपेगमध्ये रंगांना जागा आहे, पण ‘इथे काहीच नाही’ हे नोंदवायला खणच नाही. मग रिकाम्या जागी पांढरा भरला जातो, कधी काळा. काळा आला तर फाइल पुसू नये, श्रद्धांजलीच्या बोर्डाला कामी येते.

डीटीपीवाला चिकित्सक निघाला आणि पीएनजीच हवा म्हणाला, तर फाइलच्या नावातलं जेपीजी खोडून पीएनजी लिहावं. आत काहीही बदलत नाही, पण मागणाऱ्याला मागितलेलं मिळाल्याचं समाधान लाभतं. समई-तोरणाची चित्रं इंटरनेटवरून फुकट उतरवावीत. त्यांच्यामागे राखाडी-पांढरे चौकडे असतात. खऱ्या पारदर्शक फाइलमध्ये ते सॉफ्टवेअर फक्त पडद्यावर दाखवतं. तोतया फाइलमध्ये ते चित्राचाच भाग असतात आणि समईसकट इमानाने छापले जातात.

आता पार्श्वभूमी काढणं. फोटोशॉपमधल्या मॅजिक वाँडने भिंतीवर एक क्लिक करावं. हे हत्यार रंगसाधर्म्य बघतं, माणूस बघत नाही. भिंत पांढरी, टोपी पांढरी, सदरा पांढरा. डिलीट दाबताच उरतो तो चेहरा, चष्मा आणि घड्याळ घातलेला हात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक जीवनाचा पोशाख ध्यानात घेऊन हे हत्यार बनवलेलं नाही, हे खेदाने नमूद करावं लागतं. इनडिझाइनच्या ‘डिटेक्ट एजेस’चंही तेच. त्यात आतल्या कडाही धरायला सांगितलं की हसऱ्या साहेबांच्या दातांतून मागचा नियोजित उड्डाणपूल दिसू लागतो.

घाई असेल तर कापूच नये, फोटोला ‘मल्टिप्लाय’ लावावा. पांढरं नाहीसं होतं, पण सगळंच, आणि खालचा रंग वर येतो. पांढरा सदरा ढगांप्रमाणे भगवा, हिरवा किंवा निळा होतो. विधिमंडळाबाहेर इतक्या झटपट पक्षांतर घडवणारं दुसरं साधन नाही.

खरी कसोटी मिशीची. 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी रंगांच्या तीन थरांना चौथा जोडला, अल्फा : कुठला ठिपका किती झाकतो याची नोंद. 1989च्या जिफमध्ये ठिपका एकतर असतो किंवा नसतो, त्यामुळे मिशीला करवतीचे दात येतात. 1996 साली आलेल्या पीएनजीत असण्या-नसण्याच्या 256 पायऱ्या मावतात, म्हणून केस केसासारखे दिसतात. अर्थात पांढऱ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत कडेच्या केसांत भिंतीचा पांढरा मिसळलेलाच असतो आणि कापल्यावर साहेबांभोवती संतांना शोभेल असं तेजोवलय राहतं. फोटोशॉपमध्ये ते घालवायला ‘डीफ्रिंज’ आहे. वलय घालवायचं की नाही, हे कार्यकर्त्याला विचारूनच ठरवावं.

पेजमेकरवाल्यांना यातलं काही करायचं नाही. त्याची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 सालची. पण युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांतला मजकूर तिथे सुखाने नांदतो, म्हणून कित्येक छापखान्यांनी ती पुढे बरीच वर्षं सोडली नाही. तिच्यासाठी पेन टूलने कडेकडेने क्लिपिंग पाथ काढून ईपीएस करायची. पाथला फक्त आत आणि बाहेर कळतं, सबब पेजमेकरमधल्या साहेबांची मिशी कायम नुकतीच कोरलेली. इनडिझाइन मात्र 2002च्या 2.0 आवृत्तीपासून थरांची पीएसडी पारदर्शकतेसकट थेट घेतं, त्यामुळे तिथे चौकट टिकवणं अवघड झालं आहे. निराश न होता आधी सगळे थर एकत्र करून टाकावेत, मगच फाइल ठेवावी.

एवढं करूनही एखाद्याच्या हातून चौकट निसटते आणि साहेबांभोवती नुसती वेडीवाकडी पांढरी कड उरते. त्यावर बाजाराने तोड काढली आहे : कोरलमध्ये ‘कंटूर’ घेऊन साहेबांभोवती जाड पांढरी रेघ ओढायची. कड रेघेत बुडते आणि डिझाइन केल्यासारखं दिसतं. खाली रांगेने बसवलेल्या शुभेच्छुकांनाही ही रेघ मारावी. ज्याची राहील त्याचा फोन प्रूफ पाहिल्याबरोबर येतो.