आरोपी कबूल, वकील नाकबूल

डिसेंबर २०२३. निक्की हेली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी न्यू हॅम्पशायर राज्यात फिरत होत्या. बर्लिन नावाच्या गावी सभेत एकानं विचारलं, अमेरिकेतलं यादवी युद्ध कशामुळं झालं? बाईंनी सरकार कसं चालावं, स्वातंत्र्य कशाला म्हणावं, लोकांनी काय करावं आणि काय करू नये, असं बरंच सांगितलं. गुलामगिरी तेवढी राहून गेली. विचारणाऱ्यानं ते ध्यानात आणून दिलं, तर बाईंनी त्यालाच विचारलं, गुलामगिरीबद्दल मी काय बोलावं असं तुमचं म्हणणं आहे? दुसऱ्या दिवशी खुलासा आला : युद्ध गुलामगिरीवरूनच झालं, यात शंका कसली!

शंका कुणालाच नव्हती. ज्या साउथ कॅरोलायनाच्या बाई सहा वर्षं गव्हर्नर होत्या, त्या राज्याला तर मुळीच नव्हती. डिसेंबर १८६०मध्ये संघराज्यातून फुटून निघताना त्या राज्यानं कारणांचा जाहीरनामाच काढला. उत्तरेची राज्यं आमचे पळालेले गुलाम धरून परत देत नाहीत, न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं पलीकडं जायचीही चोरी झाली आहे, आणि आता गुलामगिरीचा वैरी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलाय. मिसिसिपीनं पुढच्याच महिन्यात सुरुवातीलाच लिहून टाकलं की आमची बाजू म्हणजे गुलामगिरीची बाजू. मार्च १८६१मध्ये बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी सव्हानाच्या भाषणात ठणकावलं, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या राज्याच्या पायाचा दगड.

म्हणजे आरोपीनं गुन्हा कबूल केलाय, कबुलीजबाब स्वतःच्या हातानं लिहून, सही करून, छापून वाटलाय. दीडशे वर्षांनी उभा राहिलेला वकील मात्र न्यायालयाला सांगतो, माझ्या अशिलाला तसं म्हणायचं नव्हतं. भांडण म्हणे ‘राज्यांच्या हक्कां’चं होतं. होतंच! उत्तरेच्या राज्यांना गुलाम परत न करण्याचा हक्क असू नये, हीच दक्षिणेची तक्रार होती. साक्ष फिरवायचा मुहूर्तही स्टीव्हन्स यांनीच केला. युद्ध हरल्यावर त्यांनी दोन जाडजूड खंड लिहून सांगितलं, लढाई राज्यघटनेच्या तत्त्वांची होती. पायाचा दगड कुठं गेला, ते विचारायचं नाही.

फ्लोरिडानं याच्याही पुढं मजल मारली. जुलै २०२३मध्ये तिथल्या राज्य शिक्षण मंडळानं मंजूर केलेल्या अभ्यासक्रमात लिहिलंय, गुलामांनी अशी कौशल्यं मिळवली, जी काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. गव्हर्नर डीसँटिस यांनी समर्थनार्थ लोहारकाम पुढं केलं. बिनपगारी, बेमुदत, पळालं तर मागं कुत्री सोडणारी ही कौशल्यविकास योजना! दाखल्यादाखल नावांची यादीही निघाली. तीत लुईस लॅटिमर होते. हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतंत्र जन्मले. व्हर्जिनियातून पळाले होते त्यांचे आईवडील. लाभार्थी सापडेनात, की अनुदानाच्या यादीत नावं घुसडतातच.

खरा व्यवहार उलटा होता. भातशेती जाणणारे पश्चिम आफ्रिकेतले लोक चार्ल्स्टनच्या बाजाराला मुद्दाम हवे असत. कौशल्य त्यांनी बरोबर आणलं, पीक मालकानं विकलं. आणि ज्या विद्येनं माणूस खरोखर सुटतो, ती लिहिण्याची विद्या गुलामाला शिकवणं साउथ कॅरोलायनात १७४०पासून गुन्हा होता. शिकवणाऱ्याला दंड.

हे सगळं एकाच, रिपब्लिकन पक्षाच्या खात्यावर टाकू नका. व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम २०१९मध्ये चारशे वर्षांपूर्वी आलेल्या पहिल्या आफ्रिकनांना ‘करारबद्ध नोकर’ म्हणाले. समोर बसलेल्या मुलाखतकर्तीला तिथल्या तिथं आठवण करून द्यावी लागली की याला गुलामगिरीही म्हणतात. जो बायडन यांनी २०१२च्या प्रचारात सांगितलं, विरोधक तुम्हाला पुन्हा साखळदंडात घालतील. मुद्दा होता बँकांवरच्या नियमांचा. पुढं रिपब्लिकन नेते झालेल्या बेन कार्सन यांना त्याच्या पुढच्या वर्षी ओबामांची आरोग्य विमा योजना ही गुलामगिरीनंतरची देशातली सर्वांत वाईट गोष्ट वाटली. विमा गुलामगिरीच्या शेजारी, बँक गुलामगिरीच्या शेजारी. फक्त गुलामगिरीला गुलामगिरी म्हणायचं झालं, की घसा बसतो.

इंग्रजांची तऱ्हा अधिक सभ्य. १८३३च्या कायद्यानं गुलाम सोडवताना त्यांनी दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला २०१५मध्ये. तीन वर्षांनी ब्रिटिश अर्थखात्यानं ट्विटरवर करदात्यांची पाठ थोपटली, तुमच्यातल्या लाखोंनी कर भरून गुलामांचा व्यापार संपवायला हातभार लावला! या करदात्यांत कॅरिबियनहून आलेले गुलामांचे वंशजही होते. पंजोबाला विकत घेणाऱ्याचं नुकसान पणतूनं भरून दिलं. त्याच २०१५मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून जमैकाच्या संसदेत सांगून आले, झालं गेलं मागं टाकून पुढं जाऊ या. त्यांच्या एका दूरच्या नातलगानं, जनरल सर जेम्स डफ यांनी, त्या भरपाईतले ४,१०१ पौंड खिशात टाकून केव्हाच पुढची वाट धरली होती.

पुण्यात बसलेल्या जोतीराव फुल्यांना हे कोडं कधीच पडलं नाही. १८७३मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तिथं काय संपलं, हे त्यांना सात समुद्रांपलीकडून दिसलं. तिथल्या पुढाऱ्यांना ते अंगणात दिसत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची तक्रार होती की स्मिथसोनियनची संग्रहालयं गुलामगिरी किती वाईट होती, हेच सांगत बसतात. बरी असलेली गुलामगिरी कुठं ठेवली आहे ते सांगावं, तिच्यासाठी वेगळं दालन उघडता येईल.

गुलामांच्या जिवावर राजकारण करायची रीत तशी घटनासिद्ध आहे. १७८७च्या अमेरिकी राज्यघटनेनं गुलामाला मत दिलं नाही, पण प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलामांमागं तीन माणसं धरली. जागा अर्थात मालकांना. चौदाव्या घटनादुरुस्तीनं १८६८मध्ये ती मोजणी रद्द केली. पुढाऱ्यांनी इतिहासाला मात्र जुनाच दर चालू ठेवलाय : पाचातलं तीन सांगायचं, आणि मतं पुरी मागायची.