थर्मोस्टॅटची किल्ली

आदरणीय शाश्वतता प्रशिक्षक महोदय,



आपलं चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण काल पूर्ण केलं. दहापैकी नऊ गुण. प्रमाणपत्रावरचं हिरवं पान फार गोड आहे.

चुकलेल्या एका प्रश्नाबद्दल लिहितो. 'ऑफिसातला एसी किती अंशांवर ठेवाल?' आपलं उत्तर २४. बरोबरच आहे. एकेका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, हेही पाठ आहे. पण आमच्या मजल्यावरचा थर्मोस्टॅट काचेच्या पेटीत असतो, पेटीला कुलूप, किल्ली अ‍ॅडमिनकडे. अ‍ॅडमिन म्हणतं, वरून आदेश आहे. पेटीतला आकडा २०. शेजारच्या बाई मे महिन्यात शाल पांघरून बसतात. त्यांना दहापैकी दहा पडले. इमारतीला पश्चिमेकडून सगळी काच. ऊन येतं म्हणून पडदे ओढायचे, अंधार होतो म्हणून दिवे लावायचे, आणि त्या दिव्यांखाली आपला 'नैसर्गिक प्रकाशाचा वापर' हा धडा बघायचा.

आपली अडचण समजते. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, द्यावाच लागतो. संचालकांपासून कामगारांपर्यंत किती टक्के लोकांना प्रशिक्षण दिलं, ते त्यात भरायचं असतं. त्याचा परिणामही लिहायचा असतो. तिथे 'जाणीव वाढली' असं लिहा. खोटं नाही, थंडीची जाणीव खरोखरच वाढली आहे.

व्हिडिओत आपण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दाखवलंत. तिथे पाऊस गावातच मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी कमी असलं तर कुठलं पीक घ्यायचं नाही, ते तिथेच ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ती गावानेच स्वतःवर घातलेली. म्हणजे बेरीज-वजाबाकी करणारे तेच आणि मोटारीचं बटणही त्यांच्याच हाताशी. (माझ्या हाताशी फक्त 'नेक्स्ट'चं बटण होतं.) मग आपण विचारलंत, 'या गावाकडून काय शिकलात?' पर्याय: जिद्द, एकजूट, श्रमदान, वरील सर्व. 'वरील सर्व' दाबलं. गुण मिळाला.

एक विनंती. पुढच्या वर्षी आम्हाला सोडा आणि किल्ली ज्याच्याकडे आहे, त्या एकट्याला बसवा. टक्केवारी घसरेल, कल्पना आहे. त्याला चाळीस मिनिटं लागणार नाहीत. आमच्या बाईंच्या शेजारची खुर्ची द्या, पुरे. शाल मात्र त्याने घरून आणावी.

आपला आज्ञाधारक,
एक प्रमाणपत्रधारक (स्वेटरसह)