अर्जपिता

आमच्या पवईच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटलेल्या गृहस्थाला ‘काय, बरंय ना?’ विचारावं आणि त्यानं ‘कोलंबियाला अर्ली टाकतोय’ असं उत्तर द्यावं, की समजायचं, याच्या घरातलं पोर बारावीत गेलं. अर्ज मुलाचा असतो, टाकतो बाप.

आमचे शेजारी हे या जातीचे अर्जपिता. स्वतः सांगलीत शिकले. बारावीला टक्के पडले आणि त्या टक्क्यांनी त्यांना इंजिनियरिंगच्या दारात नेऊन उभं केलं. ‘तू माणूस म्हणून कसा आहेस?’ असं वाटेत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आईला बोलावून घेऊन आले असते. मुलाला मात्र त्यांनी आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, शाळेत घातलं. आता अमेरिकेतली विद्यापीठं मार्क बघून झाल्यावर माणूसही बघायला मागतात असं कळल्यापासून त्यांनी तोही तयार करायला घेतलाय.

शाळेत समुपदेशक बाई आहेत, पण त्या फुकट; म्हणून बाहेरचा कन्सल्टंट लावला. नववीत त्यानं सांगितलं, मुलगा ‘वेल-राउंडेड’ हवा. झालं, तबला, फुटबॉल, स्पॅनिश, वादविवाद. अकरावीत दुसरा कन्सल्टंट आला. तो म्हणाला, हल्ली ‘स्पाइक’ लागतो. ‘‘म्हणजे आधी गोल करायचे पैसे दिले, आता टोक काढायचे द्यायचे,’’ असं अर्जपिता मला म्हणाले आणि शिसपेन्सिलीकडे पाहावं तसे पोराकडे पाहू लागले.

टोकासाठी एक ना-नफा संस्था निघाली. रद्दी विकून आरेच्या पाड्यांवरच्या मुलांना वह्या द्यायच्या. संस्थापक-अध्यक्ष चिरंजीव, खजिनदार आई. गठ्ठे वाहतो तो ड्रायव्हर. त्याला पद नाही. कॉमन अ‍ॅपच्या पुष्कळ विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच अर्जात उपक्रमांना दहा जागा असतात आणि प्रत्येकाचं वर्णन दीडशे अक्षरांत बसवायचं, मधल्या मोकळ्या जागा धरून. ऑफिसातून आल्यावर अर्जपिता ती अक्षरं मोजत बसतात. ‘‘‘हेल्प्ड’ काढून ‘लेड’ घातलं,’’ एकदा ते फार समाधानानं म्हणाले, ‘‘तीन अक्षरं वाचली आणि हुद्दाही वाढला.’’

घरात हे सगळं समजावून घेण्याची खटपट फक्त आजीनं केली.

‘‘किती मार्क पडले रे बाळाला?’’

‘‘पंचेचाळीसपैकी एक्केचाळीस, आई. प्रेडिक्टेड.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे पडतील असं शाळा म्हणते. अर्ज नोव्हेंबरात, परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत.’’

‘‘बाजारात तुरी!’’ आजी म्हणाली आणि जपमाळ ओढायला लागली. त्या पंचेचाळिसांतले बेचाळीस सहा विषयांचे आणि उरलेले तीन ज्ञानमीमांसा व चार हजार शब्दांचा निबंध यांचे, हे सांगायची संधी अर्जपित्याला मिळालीच नाही. तो हिशेब त्यांनी मग मला जिन्यात सांगितला.

खरी कोंडी झाली ती साडेसहाशे शब्दांच्या वैयक्तिक निबंधापाशी. आयुष्यातल्या एखाद्या अडचणीतून काय शिकलात, असाही त्यात एक विषय असतो, आणि अर्जपित्याला तोच धरून बसायचं होतं. पोराला अडचण म्हणून नाही. सव्वीस जुलैच्या पुराच्या वेळी तो जन्मलेलाच नव्हता, ही बापाची खंत. ‘‘लॉकडाउनमध्ये काय झालं होतं?’’ ‘‘वायफाय गेलं होतं, बाबा.’’ ‘‘किती दिवस?’’ ‘‘दुपारभर.’’ माणसानं मुलाला काही कमी पडू द्यायचं नाही म्हणून जन्मभर राबावं आणि शेवटी काही कमी पडलं नाही म्हणून हवालदिल व्हावं, हे मी याच घरात पाहिलं.

दुःख मिळेना तेव्हा त्यांनी वशिला शोधला. हार्वर्डमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं असं कळताच त्यांनी बायकोच्या गोव्याकडच्या नातलगांना फोन लावले. गोव्याचेच दामोदर कोसंबी १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले होते. तेव्हा कुठून तरी मामेकुळी जुळते का पाहा! जुळली नाही. जुळली असती तरी उपयोग नव्हता, कारण तिथं आई किंवा बाप लागतो, मामेकूळ नव्हे. त्याच आठवड्यात मुलानं त्यांना सांगितलं की आयव्ही लीग ही मुळात खेळांची लीग आहे, १९५४ सालची, आणि एमआयटी किंवा स्टॅनफर्ड तिच्यात नाहीतच. ‘‘म्हणजे आयपीएल?’’ एवढंच बोलून अर्जपिता गप्प झाले. सगळ्या नातेवाइकांना त्यांनी एमआयटी म्हणजे आयव्ही असंच सांगून ठेवलं होतं.

पोराबद्दल मात्र सांगायलाच हवं. त्याला बसचं वेड. मुंबईभरचे बेस्टचे मार्ग त्याला पाठ. सप्टेंबर २०२३मध्ये जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी होती तेव्हा स्पॅनिशची शिकवणी बुडवून तो अंधेरीला वरच्या मजल्यावर बसायला गेला होता. ‘त्याच्यावर लिही’ असं शाळेतल्या फुकटच्या बाई म्हणाल्या. अर्जपिता चपापले. ‘‘बसवर? घरी दोन गाड्या असताना?’’ पण नोव्हेंबरची पहिली तारीख आली, घरात फराळाचे डबे आणि निबंधाचे अकरा मसुदे एकाच टेबलावर पडले होते, आणि पोरानं कुणाला न विचारता बसवरचा निबंध पाठवून दिला.

कोलंबियाला अर्ली म्हणजे घेतलं तर जायलाच हवं असा करार. डिसेंबरात कोलंबियानं ‘डिफर’ केलं. म्हणजे नाही म्हटलं नाही, हो तर मुळीच नाही. मार्चअखेर सगळ्या आयव्ह्यांचे निकाल एकाच वेळी लागतात, तिथं संध्याकाळी सात, आपल्याकडे पहाटे साडेचार. काकड आरतीच्या त्या वेळेला आमच्या भिंतीपलीकडे दिवे लागले. तासाभरानं विझले.

मिशिगननं घेतलं. मिशिगन म्हणजे ‘पब्लिक आयव्ही’ हे मला त्या दिवसापासून पुष्कळदा ऐकायला मिळालं आहे. त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या निळ्या बसगाड्या आहेत आणि त्या फुकट आहेत, हे मुलानं मला सांगितलं. त्यांचे मार्गही त्याचे पाठ झाले होते. होकार कळवायची शेवटची तारीख एक मे. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आटोपून अर्जपित्यानं पैसे भरले.

धाकटी आता आठवीत आहे. तिची संस्था निघाली की रद्दी जरूर द्या, कागद चांगल्या कामाला जातो. फक्त डिसेंबरच्या आत द्या. जानेवारीत अर्ज गेले की दार उघडायला कुणी नसतं.