बाद सामानाचे कारभारी

माणसाला विद्यापीठातून निवृत्त करायला त्याची जन्मतारीख पुरते. खुर्चीला निवृत्त करायचं तर विभागप्रमुखांचं पत्र, भांडाराचा शेरा, निर्लेखन समितीची पाहणी, अभियंत्याचं मूल्यांकन, वित्त विभागाची टिप्पणी आणि कुलसचिवांची सही एवढं सगळं लागतं. तोवर पत्र देणारे विभागप्रमुख स्वतःच निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्या जागी आलेले विचारतात, "कुठली खुर्ची?"

अशा खुर्च्या सांभाळता सांभाळता केस पिकलेल्या राज्यभरच्या भांडारपालांची कार्यशाळा भरली होती. विषय, निरुपयोगी सामानाची विल्हेवाट. मी जाणार म्हटल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "तिथे टाकायला शिकवणार, की ठेवायला?"

गर्दीत भांडारपाल ओळखायचा तर तो खुर्चीत बसतो कसा ते बघावं. आधी तो वाकून खुर्चीची पाठ तपासतो. पांढऱ्या रंगात लिहिलेला क्रमांक दिसला, की मगच निवांत टेकतो. उद्घाटनाचे पाहुणे चक्राकार अर्थव्यवस्थेवर बोलत होते आणि पुढच्या रांगा माना तिरप्या करून त्यांच्यासमोरच्या पोडियमच्या कडेवरचा क्रमांक वाचत होत्या. शेजारचे कोल्हापूरकडचे गृहस्थ कुजबुजले, "खोडून परत टाकलाय बघा. हा मूळचा भौतिकशास्त्राचा." पाहुण्यांचं विमान होतं, ते गेले. अर्थव्यवस्थाही त्यांच्याबरोबर गेली.

मग एका केंद्रीय संस्थेतले वित्त अधिकारी उभे राहिले आणि खरी कार्यशाळा सुरू झाली. त्यांच्याकडे 2017 चे सामान्य वित्तीय नियम चालतात. वस्तूची उरलेली किंमत दोन लाखांच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव. खाली असेल तर सक्षम प्राधिकारी ठरवील तसं. वस्तू कुणाच्या निष्काळजीपणाने निरुपयोगी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करायची. आणि भंगाराच्या भावातही कुणी हात लावला नाही, तर पर्यावरणाला धक्का न लावता ती नष्ट करायची. हे शेवटचं ऐकून सभागृहात एक सुस्कारा उमटला. नष्ट करायची मुभा! आम्हाला मोक्षाची वाट कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितली नव्हती. फक्त 'सक्षम प्राधिकारी' म्हणजे नेमकं कोण, यावर चहाची वेळ टळून गेली. प्रत्येकाच्या विद्यापीठात ते कायम दुसऱ्याच कुणीतरी असतात.

खरी ठिणगी पडली ग्रंथालयाच्या नियमावरून. वर्षभरात वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, आणि त्यात कुणाचा अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल, तर तेवढं नुकसान वाजवी समजावं, असं हे नियम म्हणतात. (हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी अटळ.) एक ग्रंथपाल बाई चुकून या कार्यशाळेला आल्या होत्या, त्या मंद हसल्या. मागून प्रश्न आला, "सर, हजारी पाच हा हिशेब अतिथिगृहाच्या चमच्यांना लागू होईल का?" होणार नाही, असं उत्तर मिळालं. चमचा वाचला जात नाही ना!

जेवणानंतर यजमानांनी आपलं गोदाम दाखवलं. तीर्थक्षेत्री आल्यासारखे सगळे गप्प झाले. दाराशी सायक्लोस्टाइल यंत्र, त्याच्यामागे ओव्हरहेड प्रोजेक्टरांची रांग, मराठी कळफलकाची गोदरेजची टंकयंत्रं, मांडीवर घेतलेल्या पोरासारखे एकमेकांवर बसलेले पाठमोरे मॉनिटर. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हे मॉनिटर नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याकडेच द्यावे लागतात. त्यामुळे गल्लीतला भंगारवाला, जो निदान दर दिवाळीला प्रेमाने चौकशी करायचा, तोही आता येत नाही. एका कोपऱ्यात कुलूपबंद कपाट होतं. किल्ली हरवलेली, म्हणून आत काय आहे ते माहीत नाही. आत काय आहे ते माहीत नाही, म्हणून निर्लेखन नाही. आणि नोंदवहीत ते 'सुस्थितीत' असल्यामुळे फोडायला परवानगी नाही. नागपूरकडच्या एक बाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडे नुसती किल्ली आहे." किल्ली लावून बघायला कुणाची हरकत नव्हती, पण आंतरविद्यापीठीय हस्तांतरणाचा नमुना कोणता, ते कुणालाच सांगता येईना.

लोकांना वाटतं, भांडारपाल चिकट. मला ते पटत नाही. सामान जपून ठेवलं म्हणून कुणाची चौकशी लागल्याचं मी पाहिलेलं नाही. टाकलं म्हणून लागलेल्या पाहिल्या आहेत. लेखापरीक्षक गोदामात येऊन 'हे एवढं कशाला ठेवलंय?' असं लिहीत नाही. 'एक नग कमी का?' असं लिहितो. आणि त्या एका नगाचं उत्तर निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत पाठलाग करतं. चाळीस रुपयांच्या स्टुलासाठी आपली सही कोण पणाला लावील? अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाने जुन्या सामानाचं चक्क दुकान काढलंय, कुणीही जाऊन टेबल विकत घ्यावं. एका तरुण सहकाऱ्याने ही माहिती दिली, तेव्हा सभागृहातला पहिला प्रश्न होता, "आणि लेखापरीक्षण?"

समारोपाला कार्यशाळेच्या काही कापडी पिशव्या उरल्या. जास्तीची प्रत्येकालाच हवी होती, पण सह्यांच्या यादीत माणशी एकच. उरलेल्यांची नोंद कुठे करायची, हा पेच यजमान भांडारपालांनी वित्त अधिकाऱ्यांपुढे ठेवला. उपभोग्य वस्तूंत, की जडवस्तूंत? वर्षभर टिकत असेल तर जडवस्तू, असं एकाचं मत पडलं. टिकेल का, हे पाहायला कोल्हापूरकडच्या गृहस्थांनी एक पिशवी दोन्ही बाजूंनी ओढली. बंद हातात आला.

"आता जबाबदारी निश्चित करावी लागेल," वित्त अधिकारी शांतपणे म्हणाले.

गृहस्थांनी बंद टेबलावर ठेवला, टेबलाचा क्रमांक एकदा बघून घेतला, आणि साडेपाचची गाडी आहे म्हणून निघाले.